रेडिओ लागला का?

"काय रे, लागला का रेडिओ?"

आज सकाळी लिफ्टमध्ये, चार माणसांच्या देखत, शेजारच्या अण्णांनी मला हे विचारलं. चारांपैकी दोघांना मी ओळखतही नव्हतो. ते आता मला ओळखतात, रेडिओवाला म्हणून. त्यातल्या एकाने तर हळहळून विचारलं, "कुठला हो, जुना व्हॉल्व्हचा?" मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिलो. अशा वेळी लिफ्ट हमखास प्रत्येक मजल्यावर थांबते.

तो रेडिओ नाही. शनिवारी अण्णांना हे मी किमान सात वेळा सांगितलंय. तो म्युझिक प्लेअर आहे आणि त्यात रेडिओ नाहीच. एफएमवालं मॉडेल घेऊ की साधं, असा प्रश्न तेव्हा पडला होता आणि रेडिओ कोण ऐकतंय म्हणून मी साधं घेतलं. वीस वर्षांत या निर्णयाचा कधी पश्चात्ताप झाला नाही, तो शनिवारी झाला. असता रेडिओ, तर अण्णा खरे ठरले असते आणि विषय मिटला असता.

वस्तू तळहाताएवढी. पुढून प्लास्टिक, मागून पत्रा आणि पोटात १.८ इंचांची खरीखुरी फिरणारी हार्ड डिस्क. एक-दोन गाणी झाली की ती जागी होते, किर्र करून पुढची काही गाणी मेमरीत ओढून घेते आणि बारीक 'टिक' करून पुन्हा झोपते. रात्री दिवा मालवल्यावर उशीजवळून येणारा तो 'टिक' मला गाण्यांइतकाच आवडायचा. हे कुणाला सांगितलं की माणसं काळजीने बघतात, म्हणून सांगत नाही.

बॅटरी आधी बारा तास चालायची, मग चार, मग एखादं छोटं गाणं. मग प्लेअर खणात गेला. परवा काहीतरी शोधताना हाताला लागला तर त्याचं पोट सुटलेलं. पत्र्याला मागून फुगवटा आला होता आणि कडेची फट इतकी उघडली होती की नख जाईल. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की आतलं रसायन हळूहळू फुटून त्याचा वायू होतो आणि तिचं चपटं पाकीट उशीसारखं फुगतं. वापरली नाही तरी ती म्हातारी होतेच. याच बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले एक तेव्हा ९७ वर्षांचे होते, आडनाव गुडइनफ. म्हणजे 'चालेल एवढं'. ज्या वस्तूच्या जनकाचंच आडनाव असं, ती आणखी किती चालणार?

नवी बॅटरी शोधणं मात्र सोपं निघालं. फुगवट्याच्या फटीतून टॉर्च मारला तर पाकिटावर सहा आकडे दिसले: ५०३४५०. म्हणजे ५ मिलिमीटर जाड, ३४ रुंद आणि ५० लांब. हे कळलं तेव्हा मला शिलालेख वाचल्यासारखा आनंद झाला. मागवून टाकली. बायको एवढंच म्हणाली, "फोनवर वाजतात की गाणी." मी उत्तर दिलं नाही, कारण वाजतात.

पार्सल आलं तेव्हा आम्ही घरात नव्हतो, म्हणून ते शेजारी गेलं. संध्याकाळी अण्णा ते घेऊन आले. पार्सल फोडलेलं होतं.

"वर बॅटरी असं लिहिलं होतं. म्हटलं, बघू माझ्या रिमोटची आहे का."

"तुम्ही मागवली होती का, अण्णा?"

"नाही. पण बघायला काय जातं?"

टेबलावर मी सगळी मांडामांड करून ठेवली होती: पांढरा कागद, बारीक स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, गिटारचं पिक, स्क्रू ठेवायला चार वाट्या. ते बघून अण्णांचे डोळे चमकले. सपाता घातलेल्या पायांनी आत आले, खुर्ची ओढली आणि बरोबर दिव्याच्या आणि माझ्या मधोमध बसले.

"रेडिओ का हा?"

"नाही, म्युझिक प्लेअर. यात गाणी असतात."

"रेडिओवरही गाणीच असतात."

यावर काय बोलणार?

"सेल कुठून घालतात?"

"आत असतो. सगळं उघडावं लागतं."

"झाकण नाही?"

"नाही."

"मग सेल संपला की माणसाने काय करायचं?"

"नवा प्लेअर घ्यायचा, अशी अपेक्षा असते."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मूर्ख आहेत." कोण, ते सांगितलं नाही. बघत माझ्याकडे होते.

आणि इथे, जड मनाने लिहितो, अण्णांचंच बरोबर होतं. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीला आला, त्यात दोन पेन्सिल सेल जायचे. संपले की अंगठ्याने झाकण उघडायचं, नवे टाकायचे आणि चालू पडायचं. शाळकरी पोरगंही करू शकेल असं काम. पुढे आपण इतकी प्रगती केली की त्याच कामासाठी मला गिटारचं पिक लागलं, आणि मला गिटार येत नाही. युरोपीय संघाने आता कायदा केलाय. तो म्हणतो की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. म्हणजे १९७९ साली जे होतं ते परत आणायला कायदा लागला. यावर मला खरं तर शांतपणे चिडायचं होतं, पण समोर अण्णा होते.

मी फटीत पिक घातलं. टक्.

"मोडलं," अण्णा म्हणाले.

"मोडलं नाही. खाच सुटली. अशा बऱ्याच असतात कडेने."

टक्.

"मोडलं."

"खाच, अण्णा."

टक्.

"हे मात्र मोडलं."

असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी खरोखर मोडलं. तेव्हा अण्णा काहीच बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन्ही भाग जेमतेम सुटे झाले आणि आतली बॅटरी दिसली. चकचकीत आणि टम्म.

"अरे, यात तर हवा भरलीय! टाचणी आण."

"अण्णा, नाही."

"एवढंसं भोक पाडायचं. फुस्स करून हवा जाईल, बसेल खाली. नवी आणायची गरजच नव्हती तुला."

"टोचली तर आतले थर एकमेकांना लागतात, शॉर्ट होतं आणि पेट घेते."

"एवढीशी?"

"एवढीशीच पेटते."

अण्णा उठून गेले. मला वाटलं पटलं. दोन मिनिटांत परत आले ते सेफ्टी पिन घेऊन. उघडलेली. हे गृहस्थ माझ्या टेबलावर वाकून नेम धरताहेत आणि मी दोन्ही पंजे बॅटरीवर धरून तिला झाकतोय, असं आमचं काही क्षण चाललं होतं. बायकोने दारातून बघितलं आणि आत निघून गेली.

"पेटते म्हणतोस," अण्णा म्हणाले, "मग उघड्या हातांनी कशाला धरलीयस?"

पिन मी काढून घेतली. मग ते शांतपणे नव्या बॅटरीची तपासणी करू लागले. तिच्या तीन तारा त्यांना खटकल्या.

"लाल एक, काळी एक. समजलं. ही पांढरी कशाची?"

"ती तापमान बघते. चार्ज करताना बॅटरी फार गरम झाली तर कळावं म्हणून."

"ताप आलेला कळतो हिला?"

"हो."

"आणि कुणाला सांगते?"

यानंतर जे झालं त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. देतो. अण्णांना देतो.

या प्लेअरमध्ये इयरफोनचं भोक मागच्या पत्र्याला बसवलेलं असतं आणि सर्किट पुढच्या भागात. दोघांना जोडणारी एक रिबन असते, नखाएवढी रुंद, कागदासारखी पातळ. म्हणून तो पुस्तकासारखा, एका बाजूने, अगदी थोडाच उघडायचा असतो आणि चिमट्याने रिबनचा खटका उचलून ती सोडवायची असते. हे मला माहीत होतं. व्हिडिओ तीनदा बघितला होता. डाव्या हाताने पत्रा तिरका धरून, श्वास रोखून, मी अण्णांच्या सावलीत तो खटका शोधत होतो.

"अडकलंय," अण्णा म्हणाले. "ओढ."

"ओढायचं नसतं."

"अरे जोर लाव जरा. तरुण माणूस तू!"

गेल्या दहा वर्षांत मला कुणी तरुण म्हटलेलं नाही. मी ओढलं.

आवाजही झाला नाही. रिबनवर वळणाच्या जागी एक पांढरी रेघ तेवढी दिसली. घडी पडली असेल, असं मी मनाला समजावलं. पुढची सगळी कामं मी अतिशय निगुतीने केली: जुन्या बॅटरीखालचा डिंक दातांत घालायच्या दोऱ्याने करवतीसारखा कापला, नवी बसवली, तिन्ही तारांचं कनेक्टर दाबलं, स्क्रू लावले. तीन. चौथा वाटीत नव्हता. मी टेबलाखाली चुंबक फिरवला, अण्णांनीही मदत म्हणून खोलीभर दोन फेऱ्या मारल्या. "माझ्या पायाखाली काही नाही," असं म्हणून डावा पाय उचलूनही दाखवला. चौथा स्क्रू नाही तर नाही. झाकण बसलं.

बटण दाबलं आणि पडदा उजळला! इतक्या वर्षांनी ती जुनी यादी, तीच अक्षरं. खरं सांगतो, घसा दाटला. एक गाणं लावलं. नाव आलं, खाली सेकंद पळू लागले, ०:०१, ०:०२, ०:०३. बॅटरीचं चिन्ह भरगच्च. पोटातून किर्र आणि मग टिक. सगळं जिथल्या तिथे. फक्त गाणं नव्हतं.

मी आवाज वाढवला, पूर्ण वाढवला, इयरफोन बदलला. अण्णांनी तो माझ्या कानातून काढून स्वतःच्या कानात घातला, डोळे मिटले, मान डोलावली आणि तज्ज्ञाच्या गंभीरपणे म्हणाले, "स्टेशन पकडत नाहीये. खिडकीपाशी धर."

मी धरला. लिहायला लाज वाटते, पण मी खरंच उठून खिडकीपाशी गेलो आणि हात बाहेर काढून उभा राहिलो. माणूस हरला की कुणाचंही ऐकतो.

जाताना अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तुझ्याकडे वेळ आहे म्हणून तू हे करतोस." हे वाक्य मला टाचणीपेक्षा जास्त टोचलं. वेळ आहे म्हणजे काय? धडधाकट फोन दर दोन वर्षांनी टाकून नवा घेणाऱ्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तुझ्याकडे पैसा फार आहे. तो शहाणा. त्याच्या नव्या फोनकडे लोक लिफ्टमध्ये कौतुकाने बघतात. आणि एक बॅटरी बदलायला बसलेला माणूस रिकामटेकडा. तोही अडीच तास बसलेला. त्यातला निम्मा वेळ सेफ्टी पिनपासून संरक्षण करण्यात गेलेला. मी मोडलं, कबूल. पण मोडायला तरी मी उघडलं होतं. बाकीच्यांच्या खणात फुगलेल्या बॅटऱ्या तशाच पडून आहेत आणि कधीतरी त्यांचाही खण आपोआप उघडणार आहे, मग समजेल.

असो. चिडायचं नाही असं ठरवलं होतं.

जुनी बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून पत्र्याच्या डब्यात बाल्कनीत ठेवलीय. तिला साध्या कचऱ्यात टाकायचं नसतं, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची असते, ते काम याच आठवड्यात. अण्णा रोज आपल्या बाल्कनीतून डोकावून विचारतात, "फुटला का रे तुझा बाँब?" नवी रिबन मागवलीय. पत्त्याच्या खाली 'शेजारी देऊ नये' असं लिहिलंय.

तर लिफ्ट एकदाची खाली पोचली. "लागेल हळूहळू," असं व्हॉल्व्हवाल्या गृहस्थांनी माझ्या वतीने अण्णांना उत्तर दिलं आणि सगळे बाहेर पडले. अण्णा पेपर आणायला चालले होते, त्याच सपाता घालून. फरशीवरून पुढे निघाले. डावा पाय नीट पडत होता. उजव्यातून दर पावलाला आवाज येत होता. टिक. टिक. टिक.

मी ओळखला तो स्क्रू.