दोन हजारांचं ‘४८ व्होल्ट’ ड्रिल: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सुतार, इलेक्ट्रिशियन, फॅब्रिकेटर आणि घरची चार कामं स्वतः करणारे हौशी लोक, या सगळ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रँडेड कॉर्डलेस मशीन घेणं म्हणजे नुसते नावाचे पैसे मोजणं. माल सगळा चीनमधल्या एकाच कारखान्यातून येतो, फक्त स्टिकर बदलतं. दोन-अडीच हजारांत ४८ व्होल्टचं मशीन, दोन बॅटऱ्या आणि बिटांची पेटी मिळते. कंपनीचं मशीन १८ व्होल्टचंच असतं. बॅटरी दहा हजार एमएएचची, त्यामुळे दिवसभर चालते. वायरचं ड्रिल आता घरात ठेवायची गरज नाही. ड्रिल, ग्राइंडर, फांद्या कापायची करवत सगळं एकाच सेटमध्ये घ्या. बिघडलंच तर फेका आणि दुसरं आणा, तरी फायद्यात.

मी इंटीरियरची कामं घेतो. साइटवर नव्यानं आलेली पोरं पहिल्या पैशांतून पहिलं हत्यार घेतात ती अशाच मेसेजवर विसंबून, म्हणून हे सविस्तर लिहितोय. स्वस्त मशीन घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. काही स्वस्त मशीनं इमानेइतबारे चालतात. पण ती कोणती, हे ओळखायला या मेसेजमधलं एकही कारण उपयोगाचं नाही.

आधी ४८ व्होल्ट. लिथियम-आयनचा एक सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो, फुल चार्ज झाला की ४.२. असे पाच सेल ओळीत जोडले की १८ व्होल्ट होतात, फुल चार्जला २१. त्यामुळे तीच बॅटरी एक कंपनी १८ म्हणून विकते, दुसरी ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून आणि बिननावाचं मशीन २१ व्होल्ट म्हणून. तिन्हींत पाचच सेल. खरोखर ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल ओळीत लागतील आणि चार्जर ५४.६ व्होल्टचा लागेल. आता त्या ४८ व्होल्टच्या खोक्यातला चार्जर उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटपुढे बहुतेक वेळा २१ व्होल्ट लिहिलेलं सापडेल. १२.६ लिहिलं असेल तर आत तीनच सेल आहेत. खोक्यावर ४८ असो, ८८ असो की १२८, चार्जर खरं बोलतो, कारण तिथे चुकीचा आकडा चालतच नाही. काही डब्यांवर आकड्यामागे ‘व्हीएफ’ अशी अक्षरं असतात. व्होल्टेजच्या कुठल्याही मापात त्यांना अर्थ नाही.

शिवाय नुसत्या व्होल्टवरून ताकद ठरत नाही. बटण दाबून हवेत फिरवलं की सगळीच मशीनं सारखी वाटतात. फरक कळतो तो बिट लाकडात अडकल्यावर. त्या क्षणी मोटर एकदम वीस-पंचवीस अँपिअर ओढते. चांगला हाय-ड्रेन, म्हणजे एका वेळी जास्त करंट देऊ शकणारा सेल एवढा करंट देऊनही फारसा दबत नाही. हलक्या सेलचं व्होल्टेज लगेच बसतं, मशीन घुमतं, थांबतं आणि पॅक हाताला गरम लागतो. एखाद्या कंपनीचं १२ व्होल्टचं छोटं मशीन बाजारातल्या ‘४८’ला साइटवर मागे टाकतं ते यामुळेच.

दहा हजार एमएएचचा दावा तपासायला तर मीटरही लागत नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. या बॅटऱ्यांत सर्रास वापरला जाणारा सेल १८६५० जातीचा: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, वजन पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम. त्याची क्षमता फार तर साडेतीन हजार एमएएच, आणि ड्रिलला लागतो तसा जास्त करंट देणारा सेल असेल तर बहुधा दोन ते तीन हजार. पाच सेल ओळीत जोडले तरी बॅटरीची क्षमता एका सेलएवढीच राहते. दहा हजार खरोखर हवे असतील तर अशा तीन-चार ओळी लागतील. म्हणजे पंधरा-वीस सेल, आणि नुसत्या सेलचंच वजन पाऊण किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त. तुमची बॅटरी काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरली तर आत पाच सेल आहेत आणि क्षमता दीड ते तीन हजारांच्या मधली आहे. नव्या काही मशीनांत २१७०० जातीचे मोठे सेल येतात. ते सत्तर ग्रॅमचे आणि चार-पाच हजारांचे असतात, पण पाच सेलमध्ये त्यांचेही दहा हजार होत नाहीत.

अशीच एक बंद पडलेली बॅटरी आम्ही साइटवर उघडली होती. बाहेरचं कव्हर दहा सेलच्या मापाचं. आत पाच सेल एका अंगाला, उरलेल्या जागेत पांढरा फोम दाबून बसवलेला. सेलवर निळं कोरं वेष्टन, ना कंपनीचं नाव ना क्षमता. सगळ्यात वाईट म्हणजे सेलकडून चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किट बोर्डाकडे दोनच वायरी जात होत्या, एक प्लस, एक मायनस. मधल्या सेलवर लक्ष ठेवणारी बारीक वायर एकही नव्हती. अशा बॅटरीत पाचांची बेरीज २१ झाली की चार्जिंग पूर्ण धरलं जातं. एक सेल ४.४ वर गेला आणि दुसरा ४.० वर अडकला तरी बेरीज तीच. आणि ४.४ ही सेलसाठी धोक्याची पातळी आहे. प्रत्येक चार्जिंगला ही तफावत वाढत जाते आणि काही महिन्यांत ‘बॅटरी बसली’ म्हणून माणूस दुकानात परततो. (ज्याला यातलं कळत नाही त्यानं घरी बॅटरी उघडू नये. सेल शॉर्ट झाला तर आग लागते आणि ती सहजी विझत नाही.)

‘एकाच कारखान्यातून येतं’ यात अर्धं सत्य आहे. बाजारात वेगवेगळ्या नावांची कितीतरी मशीनं एकाच साच्यातली असतात, रंग तेवढा बदललेला असतो, हे खरंच. पण त्यावरून मोठ्या कंपन्यांचा मालही तोच, असं ठरत नाही. मकिता या जपानी कंपनीचा चीनमध्ये कुन्शानला स्वतःचा कारखाना आहे, तसा रुमानियातही आहे. मशीनवर ‘मेड इन चायना’ दिसलं म्हणजे ते कुठल्याही शेडमधून आलं असा अर्थ होत नाही. टीटीआय ही हाँगकाँगची कंपनी मिलवॉकी या ब्रँडची मशीनं विकते आणि रायोबीचीही. विकणारी कंपनी एकच, तरी एक मशीन दिवसभर राबणाऱ्या कारागिरासाठी बनवलेलं आणि दुसरं घरच्या कामासाठी. माल कुठे बनला यापेक्षा तो कुठल्या दर्ज्याचा मागवला गेला हे महत्त्वाचं. गिअर धातूचे की प्लॅस्टिकचे, शाफ्टला बॉल बेअरिंग की नुसतं बुश, चक (बिट धरणारा जबडा) सरळ फिरतो की डुलतो आणि सेल कुठला, यावर पैसे वाचतात. बाहेरच्या साच्यावर फार पैसे वाचत नाहीत, म्हणून तो सारखाच दिसतो. दुकानात चकमध्ये एक लांब सरळ बिट लावून मशीन हळू फिरवून पाहा. बिटाचं टोक गोल फिरताना दिसलं तर ते मशीन तिथेच सोडा.

आता ‘वायरचं मशीन जुनं झालं’. हा मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे, कारण लिहिणाऱ्यानं भिंतीचा विचारच केलेला नाही. आपल्याकडच्या भिंती एकसारख्या नाहीत. विटेच्या जुन्या भिंतीत आणि कोकण-गोव्यातल्या चिऱ्यात छोटं इम्पॅक्ट ड्रिलही सहा-आठ मिलिमीटरचं भोक पाडतं. सिपोरेक्सच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकला तर इम्पॅक्टही लागत नाही, उलट तो लावला की भोक मोठं होऊन रावल प्लग निसटतो. पण पुण्या-मुंबईतले गेल्या काही वर्षांतले टॉवर घ्या. त्यातले बरेच मायव्हान पद्धतीचे आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटनं ओतलेल्या. तिथे पडद्याचा रॉड लावायलाही आरसीसीत भोक पाडावं लागतं. दोन हजारांचं कॉर्डलेस तिथे नुसतं किंचाळतं, बिट लाल होतं आणि भोक अर्धा इंचही आत जात नाही. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर देतात. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर पिस्टन ठोके मारतो. काँक्रीटला ठोका लागतो, थरथर पुरत नाही. तेव्हा मायव्हानच्या घरात एसडीएस बिटाचा (दांड्याला खाचा असलेल्या बिटाचा) रोटरी हॅमर लागतो, वायरचा असो वा बॅटरीचा. स्वतःचा नसेल तर भाड्यानं आणा किंवा ज्याच्याकडे आहे त्या इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ज्याच्या घरी वर्षातून चार भोकं पाडायची वेळ येते त्यानं बॅटरीच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते. कपाटात वर्षभर पडून राहिलेली हलकी बॅटरी ऐन कामाच्या दिवशी चार्ज घेत नाही. जवळपास तेवढ्याच पैशांत नावाजलेल्या कंपनीचं पाचशे-सहाशे वॉटचं वायरचं इम्पॅक्ट ड्रिल येतं. दहा वर्षांनी प्लग लावला तरी ते फिरेल, आणि मोटरमधले कार्बन ब्रश झिजले तर थोडक्या पैशांत बदलून मिळतात.

कॉर्डलेसचं खरं काम स्क्रूचं. मॉड्युलर किचनचे बिजागर, शिडीवर उभं राहून फॉल्स सीलिंगच्या पट्ट्या, छतावर सोलरचं स्ट्रक्चर, वीज न आलेला नवा फ्लॅट. तिथे वायर ओढत फिरणं जिवावर येतं आणि छोटं १२ व्होल्टचं मशीनही दिवस काढतं. या कामासाठी स्वस्त मशीन घ्यायला माझी हरकत नाही. द्राक्षबागेत एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला बॅटरीवरच्या कात्र्या आता दिसतात. त्या हाताचे कष्ट खरंच वाचवतात, पण पात्याच्या वाटेत दुसरा हात येणार नाही एवढं सांभाळा.

एकाच सेटमध्ये ग्राइंडर आणि करवत घ्यायचा सल्ला मात्र मला सहन होत नाही. स्वस्त ड्रिल बिघडलं तर काम थांबतं. स्वस्त ग्राइंडर बिघडलं तर बोटं जातात. चार इंची कटिंग डिस्कवर तिची कमाल गती छापलेली असते, साधारण मिनिटाला पंधरा हजार फेऱ्या. मशीनची गती त्याहून कमीच हवी, आणि बिननावाच्या मशीनवर छापलेली गती खरी की खोटी हे कुणी तपासलेलं नसतं. सेटमधल्या कित्येक ग्राइंडरना गार्ड नावापुरता पत्र्याचा असतो, बटण दाबलेलंच अडकून राहतं, डिस्क अडकली तर मोटर बंद करणारी सोय नसते. त्यावर लाकूड कापायची दातेरी चकती लावून काम करणारी पोरं मी पाहतो तेव्हा काम थांबवून ती काढायला लावतो. हातभर लांबीच्या मिनी चेनसॉचंही तेच. मोठ्या चेनसॉला मशीन उसळलं की साखळी थांबवणारा ब्रेक असतो, यातल्या बहुतेकांना नसतो. ही दोन हत्यारं घ्यायची तर नावाजलेली घ्या, परवडत नसतील तर थांबा.

राहिला ‘बिघडलं तर फेका’. बिघडतं ते बहुधा मशीन नाही, बॅटरी. म्हणून मशीन निवडताना खरं तर बॅटरी निवडायची. तीच बॅटरी दोन वर्षांनी सुटी मिळणार असेल तर स्वस्त मशीनही फायद्याचं. याच कारणानं बॅटरीसाठी ‘मकिता टाइप’ खाच असलेली बाजारू मशीनं मला बिननावाच्या खास खाचेपेक्षा बरी वाटतात, कारण तशा बॅटऱ्या सगळीकडे मिळतात. एक काळजी मात्र घ्यावी. बॅटरी फार उतरली की ती बंद करणारा कटऑफ काही कंपन्यांच्या बॅटरीत नसतो, मशीनमध्ये असतो. अशी महागाची अस्सल बॅटरी कटऑफ नसलेल्या नकली मशीनला लावली तर तिचे सेल प्रत्येकी अडीच व्होल्टच्या खाली ओढले जाऊन ती कायमची बाद होते.

बॅटरीचं तोंडही नीट पाहा. धातूच्या नुसत्या दोनच पट्ट्या असतील तर चार्जरला बॅटरीचं तापमान कळायचा मार्गच नाही. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. त्या तापमानाला लिथियम सेल चार्ज करूच नये. चांगला चार्जर गरम बॅटरी निवेपर्यंत चार्जिंग सुरू करत नाही. दोन पट्ट्यांचा तसाच रेटत राहतो. मग ते काम तुम्हाला करावं लागतं: बॅटरी सावलीत निवू द्या, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’नं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का बघा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुसऱ्याच वस्तूचा किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर पुढे विचारायचं कारण नाही. आणि बॅटरी फेकायची तर कुठे? कचरागाडीत दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. डब्यावर उत्पादकाचं नावच नसेल तर ती जबाबदारी घेणारं कुणी उरत नाही.

पुण्यात बोहरी आळीत जा, मुंबईत नागदेवीला जा किंवा गावच्या हार्डवेअरच्या दुकानात. मशीनची किंमत विचारण्याआधी दुकानदाराला विचारा की याची सुटी बॅटरी आत्ता काउंटरवर आहे का, कितीला देता, आणि वॉरंटी बॅटरीवर आहे की नुसत्या मशीनवर. उत्तर बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसेल तर मशीन काउंटरवर ठेवा आणि शेजारच्या दुकानात विचारा.