मराठी मंडळांनी स्वतःचा फेडिव्हर्स सर्व्हर चालवावा, पण छोटा

जुलै २०२४मध्ये कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲप बंद झालं आणि तिथे मराठीत लिहिणाऱ्यांनी जमवलेला वाचक कंपनीच्या एका निर्णयासरशी हातातून गेला. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, की दादरचा वाचनकट्टा, गिरगावातली हौशी नाट्यसंस्था, मुलुंडचा ट्रेकिंग ग्रुप अशा वीस-पन्नास जणांच्या गटांनी फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सोशल मीडिया सर्व्हरांच्या जाळ्यात, स्वतःचा सर्व्हर चालवावा. हे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात तो ॲक्टिव्हिटीपब हा प्रोटोकॉल २०१८पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. तो पाळणारा सर्व्हर मॅस्टोडॉन (छोट्या पोस्ट), पिक्सेलफेड (फोटो), पीअरट्यूब (व्हिडिओ) अशा कुणाशीही जोडता येतो. मात्र नोंदणी सगळ्यांना खुली ठेवू नका, ओळखीतूनच आमंत्रण द्या.

आधी डोमेनचं, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावाचं, ठरवा, कारण ते नंतर बदलता येत नाही. खात्याचा पत्ता आणि प्रत्येक पोस्टची ओळख त्या नावाला चिकटते आणि इतर सर्व्हरांच्या डेटाबेसात जाऊन बसते. संस्थेची वेबसाइट आधीच असेल तर सर्व्हर सबडोमेनवर (त्याच नावाच्या उपनावावर) ठेवून पत्ता मुख्य डोमेनचा दाखवता येतो. मॅस्टोडॉनमध्ये लोकल डोमेन आणि वेब डोमेन, गोटूसोशल या दुसऱ्या, हलक्या सॉफ्टवेअरमध्ये अकाउंट डोमेन आणि होस्ट, ही सेटिंग्ज सर्व्हर पहिल्यांदा सुरू करण्याआधीच भरा. मग मुख्य वेबसाइटकडे येणारी वेबफिंगरची, म्हणजे खात्याचा ठावठिकाणा विचारणारी, विनंती सबडोमेनकडे वळवा, प्रश्नचिन्हापुढच्या भागासकट. तो भाग वाटेत गळला तर बाहेरच्यांना तुमचं खातं सापडतच नाही. वेबसाइट वर्डप्रेसची असून तिच्यावर ॲक्टिव्हिटीपब प्लगइन चालू असेल तर तेही याच विनंतीला उत्तर देतं, तेव्हा दोन्हींपैकी एकच ठेवा. वापरकर्तानाव रोमन अक्षरांतच लागतं, दर्शनी नाव खुशाल देवनागरीत लिहा.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझं मत गोटूसोशलकडे झुकतं. १ जीबी रॅम, एक कोअर, २५ जीबी डिस्क एवढ्यात ते छोट्या गटाला पुरतं, डेटाबेस म्हणून एका फाइलीत मावणारं एसक्यूलाइट चालतं, आणि एका पोस्टची मर्यादा मुळातच ५००० अक्षरांची आहे. मराठीत ऐसपैस लिहिणाऱ्यांना मॅस्टोडॉनची ५०० अक्षरं अपुरी पडतात. गोटूसोशलला पोस्ट लिहायला स्वतःचा वेब-इंटरफेस नाही, फोनवर टस्की किंवा ब्राउझरमध्ये फॅनपी हे ॲप वापरायचं. मॅस्टोडॉनच हवं असेल तर पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरती साठवण), साइडकिक (मागची कामं उरकणारा) आणि वेब सर्व्हर एकत्र चालणार, म्हणून ४ जीबी रॅम धरा. २ जीबीवर चालतं, पण अपडेटच्या वेळी मेमरी संपून प्रक्रिया अर्ध्यात मरते. अशा यंत्रावर निदान २ जीबी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, हवाच.

घरातल्या जुन्या पीसीवर सर्व्हर लावायच्या आधी राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी वाटून देणाऱ्या रचनेच्या) मागे आहात आणि बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. मुंबईतल्या बऱ्याच घरगुती जोडण्यांवर हेच आढळतं. वेगळे पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या, नाहीतर सरळ व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर. पावसात लाइन गेली किंवा १२ ऑक्टोबर २०२०सारखी शहरभर वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, समोरचे सर्व्हर न पोहोचलेल्या पोस्ट पुन्हा पुन्हा पाठवून बघतात. पण ओळीने आठवडाभर अपयश आलं की मॅस्टोडॉन तुमचा सर्व्हर मृत धरतो.

खरी डोकेदुखी जोडणीची असते, कारण ती तुटली तरी तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. दर ९० दिवसांनी संपणारं लेट्स एन्क्रिप्टचं, एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र नूतनीकरणाला चुकलं की येणाऱ्या पोस्ट गुपचूप थांबतात. पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) बंद केल्यामुळेही बऱ्याचदा हे नूतनीकरण अडतं. पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरने होस्ट हेडर (विनंतीतलं डोमेनचं नाव) जसाच्या तसा पुढे दिला नाही तर विनंतीवरची डिजिटल सही जुळत नाही आणि लॉगमध्ये ४०१ या नकाराच्या कोडची रांग लागते. सर्व्हरचं घड्याळ भरकटलं तरीही सह्या नाकारल्या जातात, म्हणून वेळ जुळवून घेणारं एनटीपी चालू हवं. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) नीट चालत नसताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदीत, तो ठेवला तर काही सर्व्हर पोहोचतात आणि काही नाही. हा दोष शोधायला सगळ्यात चिवट. सर्व्हरच्या पुढे सीडीएन (येणारी वाहतूक आधी स्वतःकडे घेणारी मध्यस्थ सेवा) असेल तर त्याचं बॉट-संरक्षण इनबॉक्सच्या, म्हणजे बाहेरच्या पोस्ट येण्याच्या, मार्गावर बंद करा, कारण तिथे येणारा प्रत्येक पाहुणा यंत्रच असतो.

जोडणी झाली तरी पहिल्या दिवशी भिंत, म्हणजे पोस्टची यादी, रिकामी दिसते आणि लोक निराश होतात. तुमच्या सर्व्हरवरचं कुणी ज्यांना फॉलो करतं, प्रामुख्याने त्यांच्याच नव्या पोस्ट येतात. जुन्या आपोआप येत नाहीत, हॅशटॅगही आधी पोहोचलेल्यांतच शोधला जातो. अनेक सर्व्हरांच्या पोस्ट एकत्र पुरवणारा रिले जोडला तर भिंत भरते, पण अनोळखी पोस्टच्या पुराने छोट्या यंत्राची रांग तुंबते. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून शंभरेक खाती निवडून हाताने फॉलो करावीत आणि पोस्टची भाषा मराठी अशी लावावी, म्हणजे भाषेनुसार गाळणाऱ्यांना ती सापडते.

परक्या सर्व्हरांवरून आलेली चित्रं डिस्क खातात, ती सात दिवसांनी उडवा. बॅकअपमध्ये डेटाबेस, सेटिंगची फाइल आणि आपल्या लोकांची चित्रं हवीत. एसक्यूलाइटची फाइल सर्व्हर चालू असताना नुसती कॉपी केली तर प्रत बिघडू शकते, त्याचा बॅकअप आदेश वापरा. हे फार मनावर घ्या. डेटाबेस गमावून त्याच डोमेनवर नव्याने सुरुवात केली तर बाहेरच्यांना वाटतं की ते तुम्हाला फॉलो करतात, पण तुमच्या सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो.

२०२१च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क सर्व्हरच्या माहितीपानावर द्यावा लागतो. मंडळाच्या कार्यकारिणीतला एक माणूस त्यासाठी नेमा. पासवर्डचे ईमेल स्वतःच्या यंत्रावरून पाठवू नका, पोर्ट ५८७वरून ईमेल पाठवून देणारी एखादी सेवा घ्या.

कधी सर्व्हर बंद करावा लागलाच तर सदस्यांना निदान महिनाभर आधी सांगा. खातं हलवलं की फॉलोअर बरोबर जातात, पोस्ट मागेच राहतात, म्हणून प्रत्येकाने आपला संग्रह उतरवून घ्यावा. मॅस्टोडॉनमध्ये त्यानंतर सेल्फ-डिस्ट्रक्ट आदेश द्या, आणि इतरांना खाती पुसल्याचे निरोप पोहोचून रांग रिकामी होईपर्यंत यंत्र चालू ठेवा.