सवय नव्हे, घाईने सोडलेली गोळी
बरेच जण म्हणतात की नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची नशा होत नाही. घोळ वेगळाच आहे. मळमळ, अस्वस्थपणा पहिल्याच आठवड्यात जाणवतो. गुण यायला मात्र २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६. बरेच जण दहाव्या दिवशीच स्ट्रिप कपाटात टाकतात. आणि बरं वाटल्यावरही निदान ६ महिने गोळी चालू ठेवायची असते! मध्येच एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ शकतात. मग घरचे म्हणतात, "बघ, सवय लागली." डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायचा असतो. सवय खरी लागते ती अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या गोळ्यांची, झोपेसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या. त्या वेगळ्या.