‘फोलेट कमी? पालकाचा रस प्या’: या मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांत फिरणारा मेसेज असा: ‘थकवा, फिकट चेहरा म्हणजे फोलेट कमी. रोज पालकाचा रस प्या, तपासण्यांवर पैसे घालवू नका. फॉलिक ॲसिडची गोळी कुणीही घ्यावी, अपाय नाही. गरोदर बाईने तिसऱ्या महिन्यापासून सुरू करावी.’ फोलेट म्हणजे रक्त बनायला लागणारं बी-९ जीवनसत्त्व; फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. मेसेजातली शेवटची दोन वाक्यं सरळसरळ धोक्याची आहेत.

आधी थकव्याचं. लोह कमी पडलं तरी माणूस फिकट दिसतोच. पण तेव्हा तांबड्या पेशी लहान होतात. फोलेट किंवा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी असेल तर मोठ्या. तेव्हा सीबीसी या साध्या रक्ततपासणीच्या रिपोर्टात ‘एमसीव्ही’, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १०० च्या वर गेलेला दिसतो. लोह आणि फोलेट दोन्ही कमी असतील, तर तो आकडा नॉर्मलही दिसू शकतो.

पालकात फोलेट आहे, हरभरा-चवळीतही आहे. भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं की त्यातलं बरंचसं वाहून जातं. पण दारू, सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्यांचा आजार), फिटांवरचं फेनिटोइन हे औषध, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार यांमुळे फोलेट कमी पडलं असेल, तर निव्वळ रसाने ते भरून निघत नाही. तिथे गोळीच लागते, बहुतेकदा रोज ५ मिलिग्रॅम, साधारण चार महिने. कारण कायम असेल तर आणखी पुढे.

आता ‘अपाय नाही’ याबद्दल. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन वाढतं, रिपोर्ट बरा दिसतो, घरचे निश्चिंत होतात. आत मात्र मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. दूध-दही बेताचं घेणाऱ्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी बी-१२ तपासून घ्या. हा खर्च वाया जात नाही.

आणि तिसरा महिना? बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, आणि ती नीट मिटायला फोलेट लागतं. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आधीच्या बाळाला ही नळी नीट न मिटल्याचा दोष असेल, किंवा आई फिटांची औषधं घेत असेल, तर डोस बराच मोठा लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. फिटांचं औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.