कान कापले तरी कान पिकतो

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या तालुक्यात पिल्लांचे सौदे वाढतात. वावरात रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात, रानडुकरं तूर आडवी करतात, रात्रीच्या जागलीला सोबत हवी असते. गावठी पिल्लू फुकट मिळत असताना पोरं आठ-दहा हजार मोजून डॉबरमॅन नाहीतर बुली अशा विदेशी जातीची पिल्लं आणतात, आणि पिल्लासोबत मोबाईलवर एक संदेशही घरी येतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

“डॉबरमॅन, पिटबुल, बुलीचे कान दोन महिन्यांच्या आत कापून घ्या. उभ्या कानात हवा खेळते, कान कधी पिकत नाही. लहान पिल्लाला दुखत नाही. जखमेला हळद-खोबरेल तेल लावा. कान वाहिला तर दोन थेंब रॉकेल, नाहीतर माणसाचा कानाचा ड्रॉप. टेप महिनाभर काढू नका. डॉक्टरकडे पैसे घालवू नका.”

मी पशुवैद्य आहे. माझा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो, तरी या संदेशातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या पिल्लाच्या रूपात माझ्या टेबलावर येऊन गेलं आहे. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

“उभ्या कानात हवा खेळते, कान कधी पिकत नाही.”

लोकांना सगळ्यात जास्त पटतं ते हेच वाक्य, आणि संदेशातलं सगळ्यात खोटंही हेच. कुत्र्याच्या कानाचे दोन भाग ध्यानात घ्या. एक बाहेर दिसते ती पाळी, दुसरी आतली नळी. ही नळी माणसाच्या नळीसारखी सरळ नसते. विहिरीसारखी आधी खाली उतरते आणि मग बोगद्यासारखी आत वळते. बोगद्याच्या टोकाला पडदा असतो. मळ साचतो तो या वळणावर. ओल धरते ती इथेच, बुरशी आणि जंतू वाढतात तेही इथेच. कात्री चालते ती पाळीवर. नळी होती तशीच राहते.

कान पिकण्याची कारणंही बघा. अ‍ॅलर्जी, कानातल्या खरजेचे बारीक किडे, यीस्टची बुरशी, गोचीड, आत शिरलेलं कुसळ, आंघोळीचं राहिलेलं पाणी. यातलं कुठलं कारण पाळी कापल्यानं जातं? जर्मन शेफर्डचे कान जन्मजात उभे असतात, आणि कान वाहतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत तो नेहमी असतो. उलट लोंबत्या कानांचे कॉकर स्पॅनियल आणि लॅब्राडॉर या दुखण्याला सगळ्यात जास्त बळी पडतात, पण त्यांचे कान कापा असं कुणीच म्हणत नाही. कान कापायचे ते डॉबरमॅनचे, ग्रेट डेनचे, पिटबुलचे, म्हणजे ज्यांनी भीतिदायक दिसावं असं मालकाला वाटतं त्यांचे. पूर्वी झुंजीच्या आणि शिकारीच्या कुत्र्याचा कान दुसऱ्याच्या दातात सापडू नये म्हणून कापायचे. आरोग्याचं कारण त्याला नंतर चिकटलं.

गेल्या दिवाळीनंतर एक पोरगा मोटारसायकलवर पिल्लू घेऊन आला. तीन महिन्यांचं डॉबरमॅन, खताच्या गोणीत घातलेलं, फक्त तोंड बाहेर. मान डावीकडे कललेली. दर मिनिटाला डोकं झटकायचं आणि झटकल्यावर केकाटायचं. पोरगा म्हणाला, “मॅडम, कान तं कापले ना, मंग कानातून पाणी काहून येते?”

कापलेला कान उभा राहावा म्हणून गुंडाळलेला टेप सोडवायला मला वीस मिनिटं लागली. सलाईननं भिजवत, एकेक थर. शेवटच्या थराखाली कापूस मळासकट कातडीला चिकटला होता आणि रॉकेलचा वास अजून येत होता. गुंगीचं इंजेक्शन देऊन ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायचं दिव्याचं उपकरण, आत घातला. नळी लालबुंद, जागोजागी सोललेली, आणि वळणाच्या पुढे, पडद्याला जवळजवळ टेकलेलं, कुसळी गवताचं एक कुसळ. लांब चिमट्यानं ते बाहेर काढलं आणि पोराच्या तळहातावर ठेवलं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या बापाच्या धुऱ्यावर ते गवत कंबरेएवढं वाढलेलं असतं. कुसळ एका दिशेनं आत सरकतं, उलटं येत नाही. धोतराला चिकटलेलं कुसळ ओढून ज्यानं पाहिलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. नळीवरचं पाळीचं झाकण आपणच कापून टाकल्यावर त्याची वाट सोपी झाली, असं माझं मत आहे.

“लहान पिल्लाला दुखत नाही.”

दुखतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला वेदनेची जाणीव पूर्ण असते, आणि कात्री चालते ती जिवंत कातडीवर आणि कूर्चेवर, म्हणजे कानाच्या मऊ हाडावर. पूर्ण भूल न देता, चौघांनी पाय दाबून कापलेलं पिल्लू पुढं डोक्याला हात लावू देत नाही. मग कान साफ करायचा कसा आणि औषध घालायचं कसं? त्याच वयात पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराची, लसही अर्धवट झालेली असते, आणि उघडी जखम घेऊन पिल्लू गोठ्यात, शेणात, माश्यांत फिरतं.

“जखमेला हळद-तेल, कान वाहिला तर रॉकेल, नाहीतर माणसाचा ड्रॉप.”

इथे संदेश दोन वेगळ्या दुखण्यांची खिचडी करतो आणि नुकसान त्यातूनच होतं. कापलेल्या काठाची जखम पिकणं वेगळं, कानाची नळी पिकणं वेगळं. काठ पिकला तर टाक्यांची रेघ सुजते, पिवळट खपली धरते, दाबली की पू येतो, टाके उसवतात. नळी पिकली तर काठ कोरडा असूनही कान घाण वास मारतो, पिल्लू डोकं झटकतं, कानाच्या मुळाशी बोट लावलं तरी ओरडतं, आत तपकिरी किंवा पिवळा मळ दिसतो. चहाच्या पत्तीसारखा कोरडा काळसर चुरा असेल तर बहुधा कानातल्या खरजेचे किडे असतात. दोन्ही एकत्रही होतात, कारण नळीच्या खाजेनं डोकं झटकलं की काठाचे टाके तुटतात.

काठाच्या जखमेला घरी करायचं काम साधं आहे. हात धुवा, स्वच्छ गॉज सलाईनमध्ये भिजवा, खपली ओली करून अलगद पुसा. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पातळ करून, कोऱ्या चहाच्या रंगाचं, काठापुरतं लावा आणि सुकू द्या. आत उतरू देऊ नका. पंजानं खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाला. ती नसेल तर जुन्या बादलीचा तळ कापूनही चालतं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढायचे असतात, तेही तपासून.

हळदीचा मला राग नाही. आमच्या घरीही बोट कापलं की हळदच लागते. पण तेलात कालवलेली हळद काठावर लेप होऊन बसते, खाली ओल धरते, वर धूळ आणि माश्या बसतात. नळीत गेली तर तिथे चिखलच होतो. रॉकेल तर सरळ भाजतं. आतली कातडी माणसाच्या पापणीच्या आतल्या बाजूइतकी नाजूक समजा. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून साफ झाल्यासारखं वाटतं, पण भरत आलेल्या जखमेतल्या जिवंत पेशीही त्यानं मरतात. आणि गोचिडांसाठी कपाशीचं फवारणीचं औषध चोळणाऱ्यांना हात जोडून सांगते, २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणूस गेला त्या विषात सहा किलोचं पिल्लू अंग चाटून टिकेल का?

माणसाच्या ड्रॉपबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण तो औषधासारखा दिसतो आणि म्हणून सुरक्षित वाटतो. पडदा फाटला आहे की शाबूत, हे पाहिल्याशिवाय नळीत काहीही घालू नये. फाटका असेल तर जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानात उतरून बहिरेपण आणू शकतात, तोल घालवू शकतात. शिवाय बुरशीवर जंतूंचा ड्रॉप चालत नाही, आणि किड्यांवर दोन्ही चालत नाहीत. कानातला मळ काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की यातलं काय आहे ते कळतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. दुखण्यावर घरातली गोळी देणंही असंच. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन तर गिधाडं मरत होती, म्हणून त्याच्यावर जनावरांसाठी २००६ मध्येच बंदी आली.

“टेप महिनाभर काढू नका.”

टेप कान उभा राहावा म्हणून असतो, जखमेसाठी नाही. तो ओला झाला की त्याच दिवशी काढायचा, मग कारण पाऊस असो, दव असो की पाण्याच्या टाकीत घातलेलं तोंड. कोरडा असला तरी आठवड्यात एकदा काढून आत बघायचं आणि वास घ्यायचा. घट्ट बांधलेल्या टेपखाली रक्त पोचत नाही आणि कानाचं टोक काळं पडून गळतं. मी ते पाहिलं आहे. आणि टेपखाली माशीनं अंडी घातली तर दोन दिवसांत अळ्या पडतात. त्या दिसल्या तर डांबरगोळी कुटून भरू नका, तसंच उचलून दवाखान्यात आणा.

“डॉक्टरकडे पैसे घालवू नका.”

कान कापून देणारा माणूस बहुतेक वेळा पिल्लं विकणाराच असतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार जनावरावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराचा अवयव तोडणं-छाटणं गुन्हा आहे. गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं यांना ठरल्या रीतीत सूट आहे. कुत्र्याचे कान त्या सुटीच्या यादीत नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणून कुणाला धाक वाटत नाही.

पैशांचंच म्हणाल तर त्या पोराचे कापण्याला, टेपला आणि ड्रॉपला मिळून जेवढे गेले, त्यापेक्षा कमी पैशांत कान बरा झाला. तीन आठवडे लागले. मधेच बरं वाटतंय म्हणून औषध थांबवू नको, असं त्याच्या आईला मी दोनदा फोन करून सांगितलं, आणि तिनं ते पाळलं. ज्या कानात कुसळ होतं तो आता अर्ध्यात वाकलेला आहे.

ज्यांच्या घरी असं पिल्लू आजच आहे त्यांच्यासाठी एवढं. कान वाहतोय पण पिल्लू खातंय, खेळतंय, तर एका दिवसात दाखवा. मान कलली, गोल फिरायला लागलं, डोळे थरथरू लागले, खाणं सोडलं किंवा गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप १०३ फॅरनहाइटच्या वर निघाला, तर रात्र काढू नका. अंगाला हात लावून ताप ठरवू नका, कुत्र्याचं अंग एरवीही १०१ ते १०२.५ असतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ओटोस्कोप नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. निघण्याआधी कानात काही घालू नका, घातलं असेल तर बाटली सोबत घ्या. आणि पिल्लाला गोणीत नको, मांडीवर घ्या, मागे बसणाऱ्यानं एक हात मानेखाली धरून, म्हणजे रस्त्याच्या खड्ड्यांनी डोकं आपटणार नाही.