झाडाला चिकटवलेला कागद आणि एक फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो बी विंगमधल्या काकांनी टाकला, शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’. सार असं: महापालिकेचा वृक्ष कायदा म्हणजे सामान्य माणसाची अडवणूक. धोकादायक झाडालाही महिनोन्‌महिने हात लावू देत नाहीत, मग ती पडून माणसं मरतात. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. खरं तर एक तोडलं की दहा लावायची, विषय संपला. नाहीतर मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं. बागा-मैदानांची आरक्षणं विकास आराखड्यात आहेतच. आणि आरेत एवढा आरडाओरडा झाला, कायद्यानं काय वाचवलं? तेव्हा हा कायदाच रद्द करा.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. कमिटीवर सहा वर्षं काढली आणि झाडांची फाइल माझ्या गळ्यात पडली, एवढाच माझा अधिकार. पण त्या निमित्तानं महाराष्ट्राचा 1975 चा नागरी क्षेत्रांतल्या झाडांचा कायदा वाचावा लागला. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तो उघडूनही पाहिलेला नाही, हे पहिल्याच मुद्द्यावर कळतं.

धोकादायक झाडाला हात लावू देत नाहीत म्हणे. कायद्याचं आठवं कलम नेमकं उलटं सांगतं. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं असेल, जीविताला वा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा होत असेल, तर वृक्ष प्राधिकरणाला, म्हणजे झाडांच्या परवानग्या देणाऱ्या महापालिकेच्या समितीला, परवानगी नाकारताच येत नाही. साठ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची सोयही मूळ कायद्यात आहे. आमच्याकडची एक वाळलेली सुबाभूळ आम्ही काढली, तेव्हा अर्ज, फोटो आणि कमिटीचा ठराव जोडून पाच आठवड्यांत कागद हातात आला. एक खेप वाया गेली ती आमच्याच चुकीनं, ठरावावर सेक्रेटरीची सही राहिली होती.

आता पडणाऱ्या झाडांचं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या गल्लीतला गुलमोहर रिक्षावर पडला. रिक्षात कोणी नव्हतं म्हणून निभावलं. सगळे वर बघून फांद्यांचे फोटो काढत होते, मी उपटलेल्या बुंध्याकडे गेलो. घरांच्या बाजूची मुळं फाटून, चिरफाळून वर आली होती. रस्त्याच्या बाजूला मात्र मुळंच नव्हती. बोटभर जाडीची, मांडीएवढी जाडीची, सगळी एका रेषेत सपाट कापलेली, आणि कापलेल्या तोंडांवर काळपट बुरशी. आदल्या उन्हाळ्यात तिथूनच गटाराची लाइन खोदली होती, आणि वरून पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवून बसवले होते. पहिल्या मोठ्या पावसात झाड बरोबर घरांच्या बाजूला कललं, कारण रस्त्याच्या बाजूनं धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला, तो याच कारणानं. मुळाला हवा-पाणी नको का? तेव्हा झाड पडलं की ‘कायद्यामुळे पडलं’ म्हणण्याआधी बुंध्याशी जाऊन बघा.

आवारातल्या झाडाला परवानगी लागते, हे मात्र खरं आहे. आणि माझ्या मते ते बरोबर आहे. आमच्या सोसायटीतल्या झाडाच्या मुळांनी धरलेलं पाणी आणि पाडलेली सावली कंपाउंड वॉलपाशी थांबत नाही. शिवाय कायद्याच्या लेखी ‘तोडणे’ म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे. वारेमाप छाटणी, बुंध्याची साल गोलाकार सोलणं, जाळणं, विष घालणं हे सगळं त्यात धरलं आहे. बुंध्याला ड्रिल मारून अ‍ॅसिड ओतायचं आणि सहा महिन्यांनी ‘वाळलं हो’ म्हणून अर्ज करायचा, ही युक्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही व्याख्या एवढी लांबलचक का, ते सांगावं लागत नाही.

आता ‘एक तोडा, दहा लावा’. सगळ्यात लाडका मुद्दा हा, आणि सगळ्यात पोकळही हाच.

आमच्या गेटजवळ रेन ट्री आहे. भर दुपारी त्याच्या सावलीचा आडवा पल्ला मी पावलांनी मोजला: बावीस पावलं, म्हणजे साधारण पंधरा मीटर. गोलाचं क्षेत्रफळ काढा, पावणेदोनशे चौरस मीटर होतात. नर्सरीतून आणलेल्या रोपाचा घेर फार तर मीटरभर. दहा रोपांची मिळून सावली जेमतेम आठ चौरस मीटर, तीही दहाच्या दहा जगली तर. बरं, ती लावणार कुठे? वॉर्डात मोकळी माती उरली आहे कुठे? म्हणून रोपं जातात शहराबाहेर किंवा रस्त्याच्या दुभाजकात. सावली गेली ती आमच्या शाळेच्या वाटेवरची, भरपाई झाली ती पंधरा किलोमीटरवरच्या माळावर.

गंमत म्हणजे कायदा या ‘दहा’च्या पुढे कधीच गेला आहे. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलं, आणि कोणतंही झाड तोडलं तर जितकं झाडाचं वय तितकी रोपं लावायची असं ठरवलं. रोप सहा ते आठ फुटांचं हवं, त्याचं जिओ टॅगिंग (नकाशावर नेमक्या जागेची नोंद) व्हायला हवं आणि सात वर्षं ते सांभाळायला हवं. म्हणजे चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस रोपं. तीन-तीन मीटरवर लावली तर 360 चौरस मीटर जागा झाली. हा हिशोब जागेवर बसवून बघितला की नकाशा थोडा वळवून झाड वाचवणंच स्वस्त पडतं, आणि मला वाटतं तरतुदीचा खरा उपयोग तोच आहे.

झाडाची किंमत पैशात सांगायचाही प्रयत्न झाला. पश्चिम बंगालमधल्या उड्डाणपुलांसाठी 356 झाडं तोडायचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तेव्हा नेमलेल्या समितीनं 2021 मध्ये झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये, गुणिले वय, असं मांडलं. त्यातले 45,000 नुसत्या ऑक्सिजनचे आहेत. हा हिशोब मला स्वतःला फारसा पटत नाही, हवा काही कोणी सिलिंडरच्या भावानं घेत नाही. पण उभ्या झाडाचं मोल त्याच्या वयाबरोबर वाढतं, एवढा मुद्दा त्यातून घ्यायला हरकत नाही.

जाता जाता: रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, म्हणून ‘परदेशी झाडं तोडायला हरकत नाही’ असंही त्या मजकुरात कंसात होतं. नवीन लावताना करंज, कडुनिंब, बहावा, ताम्हण लावा, कोण नाही म्हणतंय? पण उभं आहे ते कापायला पासपोर्ट कशाला तपासायचा?

पुनर्रोपणाबद्दल दोनच वाक्यं पुरेत. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी चिवट असतात, पण त्यांच्याही मुळांभोवती आधी टप्प्याटप्प्यानं खणून नवी मुळं फुटायला वेळ द्यावा लागतो आणि नंतर दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. क्रेन लावून एका रात्रीत उचललेलं झाड म्हणजे बहुतेक वेळा हप्त्यानं मारलेलं झाड.

‘आरक्षणं आराखड्यात सुरक्षित आहेत’ या वाक्यावर मात्र थांबायला हवं, कारण ते भले भले लोकही खरं मानतात. आराखड्यात हिरव्या रंगानं रंगवलेला तुकडा म्हणजे बाग नव्हे. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं कलम 127 असं आहे: आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत महापालिकेनं जागा घेतली नाही, तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होतं. ना मोर्चा, ना बातमी, फाइल तेवढी टेबलावर पडून राहिलेली असते. मालकाची बाजू चुकीची नाही, त्यानं किती वर्षं जमीन अडकवून ठेवायची? पण बजेटात जागा घ्यायला पैसे ठेवले आहेत का, हे कोणी विचारलं नाही तर मैदान नकाशातच राहतं.

राहता राहिलं आरे, म्हणजे मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेली झाडं. इथे मजकुराला अर्धा मार्क देतो. 4 ऑक्टोबर 2019 ला मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं ‘जैसे थे’ म्हणेपर्यंत परवानगीच्या 2,185 झाडांपैकी 2,141 पडली होती. परवानगीनंतर पंधरा दिवस झाड तोडायचं नाही, हा नियम पाळला की नाही यावरही वाद झाला. मेट्रोचं म्हणणं होतं की ती मुदत केव्हाच संपली. कायदा तोकडा पडला, यात शंका नाही. पण पुढचंही सांगायला हवं. त्याच मेट्रो कंपनीला 84 झाडांची मुभा असताना तिनं 177 साठी अर्ज केला, म्हणून एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला दहा लाखांचा दंड केला. 84 चे 177 झाले हे पकडता आलं, कारण परवानगी, आकडा, नोटीस हे सगळं कागदावर होतं. कायदा रद्द केला तर काय मोजणार आणि कशाशी ताडून बघणार?

बिल्डरला परवानगी मिळते आणि आपल्याला नाही, ही तक्रार मी रोज ऐकतो. त्याला कन्सल्टंट असतो, आपल्याकडे कोणी अर्जाची प्रतही ठेवत नाही. झाडावर चिकटवलेली नोटीस पावसानं धुऊन जाते, हरकतीला साधारण सात दिवस दिलेले असतात, आणि आपण पाचव्या दिवशी फोटो ग्रुपवर टाकून ‘अरे कोणीतरी काहीतरी करा’ म्हणतो. मालमत्ता कराच्या बिलात ‘वृक्ष उपकर’ अशी एक ओळ असते. पैसे आपण भरतोच आहोत, हरकतीचा कागद तेवढा द्यायचा राहतो.

हे सगळं मी काकांना ग्रुपवरच लिहिलं. उत्तरादाखल अंगठा आला. तसे ते कडक शिस्तीचे. गेल्या एप्रिलमध्ये कमिटीकडे त्यांचा रीतसर अर्ज आला होता, आवक क्रमांकासह. विषय: चार नंबरचं पार्किंग माझ्या नावे कायम करावे, कारण दिवसभर रेन ट्रीची सावली असलेलं ते एकमेव आहे.