फाईल हरवायची तर मन लावून हरवा

नवा लॅपटॉप घेतलात? मग एकच पथ्य पाळा. सेव्ह म्हटलं की फाईल जाईल तिथे जाऊ द्या. पंगतीत बसवतील तिथे आपण बसतोच ना, तसं.

नाव देऊ नका. एक्सेल आपणहून देतं ते 'बुक१' काय वाईट आहे?

डेस्कटॉपवर टाकत राहा. वॉलपेपरवरचा गणपती दिसेनासा झाला की थांबा.

आणि क्लाऊडवर डोळे मिटून विश्वास ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राईव्हवर ५ जीबी जागा फुकट मिळते, अजून काय हवं? देवगडात राहता म्हणून काय झालं! परवा वाशीचा टेम्पो दारात उभा. ४२ पेट्या भरून तयार, कुठल्या कुणाच्या ती यादी एक्सेलमध्ये. संध्याकाळी वळीव आला. लाईट गेली, मागोमाग रेंज गेली. मी निर्धास्त, लॅपटॉपला बॅटरी होती. फाईल सापडलीसुद्धा, पण नावाशेजारी निळा ढग. 'जागा मोकळी करतो, काका' म्हणत पुतण्याने ती लॅपटॉपवरून काढून नुसती वर ठेवली होती. वर म्हणजे कुठे, तर जिथे इंटरनेटशिवाय पोचता येत नाही तिथे! आभाळात ढग, स्क्रीनवर ढग, ड्रायव्हरचा हॉर्न चालू आणि आमचा गडी तिसऱ्यांदा विचारतोय, "गावली काय फाईल?" शेवटी कॅलेंडरच्या पाठीवर आठवेल तशी यादी लिहिली. दलालाची पट्टी आली तेव्हा माझ्या ३ पेट्या चुलतभावाच्या नावावर. भावकीत आता कोण मागणार?

डाऊनलोड झालेली लाईटबिलं? ती शोधूच नका.

पुरे झाली थट्टा. अहो, दोन मिनिटांचं काम आहे, तेवढंही होत नाही तुमच्याने? आधी फोल्डर करा. मग एक्सेलमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह. 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट'वर टिक करा आणि खाली 'डिफॉल्ट लोकल फाईल लोकेशन'मध्ये त्या फोल्डरचा पत्ता घाला. वर्डमध्ये त्यासाठी ब्राऊझचं बटण आहे, एक्सेलमध्ये नाही. तिथे पत्ता हाताने टाईप करायचा. का ते मला विचारू नका. आणि एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे बदलत नाही, दोन्हीकडे करावं लागतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये डाऊनलोड्सखाली 'प्रत्येक फाईल कुठे ठेवायची ते विचार' असं बटण आहे, तेही चालू करा. पेन ड्राईव्हवर एक प्रत ठेवा. पेटीवर नाव घातल्याशिवाय टेम्पोत चढवता का कधी? मग वर्षभराचा हिशेब असा कसा सोडता, बेवारशी?

पुतण्या म्हणतो, "काका, सर्च करायचं ना." लाईट आल्यावर केलं. ११ 'बुक१' निघाले.